दुसरं क्लॅरिनेट

टिचकीमावशींच्या नवऱ्याने आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली होती, आणि ती खरी की खोटी याचा निकाल येत्या रविवारी लागायचा होता.

लग्नाआधी काका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बागेतल्या चौथऱ्यावर सुटीच्या संध्याकाळी वाजवणारा बारा जणांचा बँड, पितळी बटणांचे कोट, आणि एकदा, फक्त एकदाच, त्या बँडची रेकॉर्ड निघाली. कव्हरवर बाराच्या बारा जणांचा फोटो. काका मागच्या रांगेत, ढोलवाल्याच्या खांद्याआड. एक कान, अर्धी मिशी आणि क्लॅरिनेटचं टोक, एवढंच दिसायचं. एवढ्याशा भांडवलावर मावशींनी चाळीस वर्षं बढाया मारल्या होत्या, आणि ज्याच्या घरी प्लेअर दिसेल तिथे ती रेकॉर्ड लावायला लावली होती. त्यांच्या दुकानात सहा कप घेणाऱ्याला ही हकिगत फुकट मिळायची, आणि बारा घेणाऱ्याला कव्हरसुद्धा बघायला मिळायचं.

दुकान कपबश्यांचं. मावशी तिसरीपर्यंत शिकल्या होत्या, पण कान पदवीधरांच्या वरचा. विकायचा प्रत्येक कप त्या कानाशी धरून नखाने टिचकी मारून बघत. टण्ण वाजला तर पास. ठप वाजला तर त्यात चीर आहे, मग ती भिंगातूनही दिसो न दिसो. घाऊक व्यापारी त्यांच्यासमोर खोकं उघडताना घाम पुसायचे. त्या टिचकीवरूनच बाजाराने त्यांना नाव ठेवलं, आणि त्यांनी ते बिरुदासारखं मिरवलं.

भांडणाची ठिणगी पडली ती थोरल्या जाऊबाईंच्या घरी. त्यांच्या मुलाने नवीन साउंड आणून दिला होता. माणसाएवढे दोन स्पीकर, वरून खालपर्यंत निळे दिवे, आणि रेकॉर्ड लावायचीही सोय. सगळे नातेवाईक बघायला जमले, तेव्हा मावशींनी पिशवीतून हळूच ती रेकॉर्ड काढली. लावली. घराच्या खिडक्या थरथरल्या. ढोल असा वाजला की पोटातला चहा हलला.

"धाकटे," जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजी कुठे गं यात?"

"वाजवतायत की."

"मला तर एकच क्लॅरिनेट ऐकू येतंय. आणि ते त्या पुढच्या रांगेतल्या टकल्याचं. भाऊजींना फोटोपुरतं उभं केलं असणार. मागच्या रांगेत भोक दिसू नये म्हणून."

सगळे हसले. त्याचं मावशींना काही नाही, नातेवाईक हसायलाच असतात. पण काकाही हसले, आणि ते मात्र मावशींच्या काळजात जाऊन बसलं.

"जाऊबाई, तुमचा हा डबा नुसता आदळआपट करतो," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी माझ्याकडे या. माणसाचं वाजवणं ऐकू येईल असं यंत्र आणून ठेवते."

"आणि नाही आलं ऐकू?"

"तर या रेकॉर्डचं नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही."

मावशींचं तोंड एखाद्या विषयावर कायमचं बंद होणं म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हती. जाऊबाईंनी डाव उचलला. "आणि आलं, तर मी स्वतः घरोघर फोन करून सांगेन, की भाऊजी वाजवत होते."

परत येताना काका म्हणाले, "कशाला उगाच पैसे घालवायचे? झालं गेलं."

"झालं असेल तर ऐकू येईल," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूनबाईला कामाला लावलं. सूनबाई दवाखान्यात एक्स-रे काढायची, त्यामुळे कुठल्याही वस्तूच्या आत काय आहे हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मुलगा परगावी नोकरीला. सासूसुनेच्या मध्ये पडायला कोणी नव्हतं, म्हणून दोघींचं बरं जमायचं. तिने रात्रीचं जेवण होईपर्यंत फोनवर सगळं वाचून काढलं.

"आई, तीन गोष्टी लागतात. एक रेकॉर्ड फिरवणारं, एक आवाज चढवणारं, आणि दोन बोलणारी."

"म्हणजे आपल्या घरासारखंच. तुझे बाबा फिरतात, मी आवाज चढवते."

"आणि बोलणारी दोन?"

"एक तू. दुसरीही मीच, माणसं कमी पडतात."

"निम्मे पैसे स्पीकरवर घालायचे असं सगळे लिहितात. बाकीचं जुनं घेतलं तरी चालतं. चांगल्या कंपनीचं जुनं, नव्या भिकार मालापेक्षा बरं."

"दोन मोठ्या डिनरसेटांच्या किमतीत बसव," मावशींनी फर्मान काढलं. "त्याच्या वर गेलं तर मी स्वतः गाऊन दाखवीन."

ही धमकी पुरेशी होती.

मंगळवारी तिघं प्लेअर-स्पीकरच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एक लांबलचक खोली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जुन्या-नव्या पेट्या, वायरींची वेटोळी, आणि मधोमध कपाळावर चष्मा चढवलेला दुकानदार, एका उघड्या ॲम्प्लिफायरमध्ये ब्रशने धूळ झाडत बसलेला. काकांनी दारातूनच बोट दाखवलं ते एका गुलाबी सूटकेसकडे. झाकण उघडलं की आत रेकॉर्ड फिरते आणि कडेच्या जाळीतून आवाज येतो.

"हे किती सुटसुटीत आहे," काका म्हणाले. "हेच घेऊ."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर आणला. "काका, त्यातून आवाज येतो एवढंच म्हणता येईल."

"मग झालं तर. आणखी काय पाहिजे?"

"आपली रेकॉर्ड काढा, लावून बघू," मावशी म्हणाल्या.

काकांनी पिशवीत हात घातला. बराच वेळ घातला. पिशवीत एक छत्री आणि दोन केळी होती. "पिशवी बदलली वाटतं," ते म्हणाले, आणि छताच्या पंख्याकडे बघू लागले.

मावशींनी त्यांच्याकडे एक नजर टाकली. ती नजर घाऊक व्यापाऱ्यांना माहीत होती. रेकॉर्ड नाही तर नाही, आपला कान बरोबर आणलाय की.

दुकानदाराने एक जुना प्लेअर दाखवला, सुई नवी घातलेला, आणि एक गलेलठ्ठ जुना ॲम्प्लिफायर, चार बटणांचा. दोन्ही सूनबाईने उलटसुलट करून पाहिले आणि पास केले. मग स्पीकर. एक जोडी काळपट, बुटकी, एका बाजूला खरवडलेली, उचलायला गेलं तर कंबर धरेल एवढी जड. दुसरी जोडी तितक्याच किमतीची, पण नवी कोरी, लाकडासारखी चकाकणारी, पिसासारखी हलकी.

मावशी वाकल्या आणि काळ्या पेटीला टिचकी मारली. ढप.

"चिरलेली आहे," त्यांनी निकाल दिला.

मग चकाकणारीला मारली. टण्ण. असा खणखणीत टण्ण की मावशींचा चेहरा उजळला. पुन्हा मारली, नुसत्या आनंदासाठी. "ही बघ. ही खरी पेटी."

"मावशी, पेटीचं जरा वेगळं असतं," दुकानदार म्हणाला, "ती..."

"अरे दादा, तू रांगत होतास तेव्हापासून मी वस्तू वाजवून घेतेय."

"आई, इथे लिहिलंय की..." सूनबाईने फोन पुढे केला.

"लिहिणाऱ्याने कधी एक कप तरी विकलाय का?"

काका मात्र या पेट्यांवर एकदम खूश झाले. "घेऊन टाक," ते म्हणाले. "तुझ्या कानाला कोण आव्हान देणार?" चाळीस वर्षांत मावशींच्या चहालाही त्यांनी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं.

घरी आणून मांडलं. दुकानाच्या वरच बिऱ्हाड, दिवाणखान्यात तीन भिंतींना कपबश्यांची कपाटं. काकांना रेकॉर्ड कपड्यांच्या खणात सापडली. कशी काय तिथे गेली, हे त्यांनाही कोडंच. मावशींनी ती लावली, खुर्ची ओढून समोर बसल्या आणि डोळे मिटले.

बँड विहिरीत बसून वाजवत होता. ढोल वाजला की पेटी घुमायची, पेटी घुमली की कपाटातल्या बश्या किणकिणायच्या, आणि त्या गोंगाटात क्लॅरिनेट कुठे, कोण कोणाचा, काही पत्ता नाही. मावशींनी पेट्या कोपऱ्यातून पुढे ओढल्या. स्टुलावर चढवल्या. बश्यांखाली टॉवेल घातले. बुधवारभर हेच चाललं, गिऱ्हाईक खाली बोंबलत राहिलं. विहीर विहीरच राहिली.

"वा," काका दारात उभे राहून म्हणाले. "काय गोड. आता यात काही बदल करू नकोस."

तेव्हा मावशींच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. हा माणूस रेकॉर्ड विसरतो. गुलाबी सूटकेस मागतो. जाऊबाईंच्या टोमण्यावर हसतो. खरंच फोटोपुरता उभा राहिला होता की काय? आणि आपण गावभर, चाळीस वर्षं?

"अहो," त्यांनी विचारलं, "तुम्ही वाजवलंत ना नक्की?"

"हो, म्हणजे... वाजवलं की," काका म्हणाले, आणि एक स्वच्छ बशी पुन्हा पुसायला लागले.

बढाई मारणारी बाई म्हणून लोक हसले असते तर त्या पुरून उरल्या असत्या. पण खोटारडी? कपाला चीर असताना टण्ण म्हणून विकला, असं त्यांना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी रेकॉर्ड चालू असतानाच त्यांनी सहज त्या चकाकत्या पेटीवर तळहात ठेवला. पेटी हाताखाली गुरगुरत होती, मांजरासारखी. ढोल थांबला तरी ती थोडा वेळ आपलं आपलं चालूच ठेवायची. मावशी तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी कपाटातला एक कप घेतला, टिचकी मारली, आणि कपाकडे बघितलं, पेटीकडे बघितलं.

"सूनबाई, इकडे ये. कप आपण का वाजवतो? त्याने बोलावं म्हणून. त्याचं तेच काम. पण हिने बोलायचं कशाला? हिने दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं. ही बया सुईण असून स्वतःच कळा देत बसलीय."

"आई, तिथे तेच लिहिलं होतं."

"मग वाचून दाखवायचं होतंस."

सूनबाई ओठ गच्च मिटून खिडकीकडे वळली.

आता परत दुकानात जायचं, म्हणजे चुकलं म्हणायचं. मावशींनी ते शेवटचं कधी म्हटलं होतं हे आठवायला घरात कोणी साक्षीदार उरला नव्हता. शुक्रवारी काकांना दुकानावर बसवून, चकाकत्या पेट्या रिक्षात घालून दोघी निघाल्या. रेकॉर्ड मावशींच्या बगलेत होती, ती त्यांनी रिक्षातही खाली ठेवली नाही.

"या पेट्या फार बोलक्या आहेत," त्यांनी दुकानदाराला सांगितलं. "मला तोंड मिटून बसणारी दे."

"मावशी, मी परवा तेच..."

"परवा तू 'वेगळं असतं' म्हणालास. कसं वेगळं ते सांगितलं नाहीस. अर्धवट बोलणाऱ्याचं कोण ऐकतं?"

दुकानदाराने हसू गिळलं आणि ती काळी खरवडलेली जोडी पुढे ओढली. मावशींनी टिचकी मारली. ढप. "काय गुणी आहे," त्या म्हणाल्या. चकाकणारी जोडी त्याने परत घेतली, आणि खरवडलं होतं म्हणून काळीची किंमतही थोडी उतरवली. मग तिथेच लावून बघितलं. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर दूर, प्लेअर दुसऱ्या टेबलावर, आणि सुई उतरली.

कोणीतरी खिडकी उघडावी तसं झालं. ढोल मागे गेला आणि ढोलाएवढाच राहिला. कर्णे डावीकडे उभे राहिले. कोणीतरी पान उलटलं, त्याचा कागद वाजला. आणि मध्ये एक क्लॅरिनेट, लांब सूर धरून, जणू समोरच्या खुर्चीत बसून वाजवत होतं. मावशी खुर्चीच्या टोकावर आल्या. एकच. एकच येतंय ऐकू.

तेवढ्यात, त्या लांब सुराच्या खालून, आवाज आला: चींक.

"रेकॉर्डला ओरखडा असेल," सूनबाई म्हणाली.

दुकानदाराने रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली, भिंग लावलं. "ओरखडा नाही." पुन्हा लावलं. लांब सूर, आणि खालून: चींक. जसं बदकाच्या शेपटीवर कोणी पाय द्यावा. "हे क्लॅरिनेट चिरकलंय," तो म्हणाला. "पण पहिलं तर सूर धरून चालूच आहे. म्हणजे हे दुसरं."

मावशींचे खांदे हलायला लागले. छत्री आणि दोन केळी. गुलाबी सूटकेस. कपड्यांचा खण. त्या हसायला लागल्या त्या अशा की दुकानदार पाण्याचा ग्लास घेऊन धावला, आणि त्याच्याकडे बघून त्यांना आणखी हसू आलं. सूनबाई जमिनीवर बसली. "चाळीस वर्षं," मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "चाळीस वर्षं हा माणूस त्या एका चींकवर पांघरूण घालत हिंडतोय, आणि मी बायको, गावाला धरून धरून ऐकवतेय." दुकानदाराने विचारलंही नाही, तिसऱ्यांदा सुई ठेवली. चींक. तिघं पुन्हा आडवी.

हसू रिक्षात बसल्यावर ओसरलं. जाऊबाईंना हे ऐकवायचं, म्हणजे काय होणार हे मावशींना उघड दिसत होतं. जाऊबाई प्रत्येक जमण्यात, प्रत्येक पंगतीत, मरेपर्यंत चींक करणार. आणि काका ढोलवाल्याच्या खांद्याआडून कधीच बाहेर येणार नाहीत.

घरी पोचल्यावर काकांनी नव्या पेट्यांकडे बघून विचारलं, "कसा आहे आवाज?"

"स्वच्छ," मावशी म्हणाल्या.

काकांच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. ते पाहून मावशींनी मनाशी ठरवून टाकलं. चींकच्या जागेपाशी आपण आवाज बारीक करायचा. जाऊबाईंना एकच क्लॅरिनेट ऐकू येईल, त्या जिंकतील, आणि आपण या रेकॉर्डवर तोंड बंद ठेवू. एवढ्या वर्षांत बोलून झालंय भरपूर. सूनबाईला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

रविवारी जाऊबाई ठीक चारला आल्या. त्यांनी आधी पेट्यांकडे बघून नाक मुरडलं. "एवढ्याशा? आणि खरवडलेल्या? दिवेसुद्धा नाहीत."

"दिवा लावायचा तर वर बल्ब आहे," मावशी म्हणाल्या. "बसा."

काका स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभे होते. सुई उतरली. जाऊबाईंच्या भुवया हळूहळू वर गेल्या. कागद उलटल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी चक्क मागे वळून पाहिलं. "कोण आलं?" मग क्लॅरिनेटने लांब सूर धरला, आणि मावशींचा हात बटणाकडे गेला.

काकांना ती जागा पाठ होती. चाळीस वर्षं ते तिथे श्वास रोखत आले होते. बायकोचा हात नेमका त्याच जागी बटणाकडे जाताना त्यांनी पाहिला, आणि त्यांच्या लक्षात आलं, की हिला कळलंय. आणि हिला कळूनही ही हरायला बसलीय. ही. टिचकीमावशी.

"हात काढ," काका म्हणाले. ट्रे त्यांनी तिथेच जमिनीवर ठेवला, पुढे आले आणि बटण स्वतःच्या हाताने वर चढवलं.

चींक.

"हे काय?" जाऊबाई म्हणाल्या. "बदक?"

"मी," काका म्हणाले.

काकांचे कान लाल झाले होते, पण ते उभे राहिले. "जीभ कोरडी पडली होती, वहिनी. क्लॅरिनेटची तोंडात धरायची पट्टी पण. स्टुडिओ एकाच सकाळपुरता घेतला होता, परत वाजवायची सोय नव्हती. बँडमास्तरांच्या कानाशी ढोल, त्यांना कळलंच नाही. मला वाटलं, कोणालाच कळणार नाही. मग माझं लग्न झालं."

जाऊबाईंनी तोंडावर रुमाल दाबला. रुमालाने काही भागलं नाही. त्या हसल्या, खुर्ची हसली, कपाटातल्या बश्या हसल्या. पण हसता हसता त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, "परत लाव." परत लावलं. "परत." चौथ्या वेळेला काका स्वतःच बोट वर करून इशारा द्यायला लागले, आत्ता, आत्ता, हां. जाऊबाईंनी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. "अगं ऐक, भाऊजी वाजवत होते. हो, खरंच. नाही, पुरावा आहे. थांब, ऐकवते." आणि फोन पेटीसमोर धरला. नणंदेला ऐकवलं, भाच्याला ऐकवलं, एका चुकून लागलेल्या अनोळखी गृहस्थालाही ऐकवलं, आणि त्यानेही पुन्हा लावा म्हटलं.

आठव्या की नवव्या खेपेला मावशींनी हात आपटला. "गप्प बसा सगळे. चींकच्या पुढे ऐका."

चींक झालं, आणि त्याच्या लगेच पुढे, पहिल्या सुराच्या खाली, एक दुसरा सूर होता. बारीक, जरासा घाबरलेला, पण सरळ. तो थांबला नव्हता. चिरकल्यावर श्वास घेऊन लगेच परत आला होता आणि टकल्याच्या पायाला पाय लावून शेवटपर्यंत चालत गेला होता. एकदा कानाला सापडल्यावर तो सुटतच नव्हता. आता पहिलंच क्लॅरिनेट कुठे हरवलं असं वाटायला लागलं.

"पूर्ण वाजवलंत," मावशी म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले. "थांबून कुठे जाणार? मागे भिंत होती."

मावशींनी त्यांच्या अंगावर नसलेल्या कोटाच्या पितळी बटणावरून उगाच हात फिरवला आणि त्यांच्या हनुवटीला टिचकी मारली.

रेकॉर्ड संपली, सुई कडेला सळसळत राहिली. जाऊबाईंनी डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि ताजा चहा मागवला. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूला काय आहे हो?"

काका जमिनीकडे बघायला लागले.

"दुसऱ्या बाजूला दोन चींक आहेत," ते म्हणाले.

मावशी रेकॉर्ड उलटायला आधीच उठल्या होत्या.